एकाच इंटरनेटची दोनदा वसुली

नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेट पुरवठादाराने सगळ्या साइटींना सारखंच वागवावं याचा, प्रश्न ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मिटला, असं आपल्यातल्या बहुतेकांनी धरून ठेवलं आहे. त्या दिवशी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नियम काढला: ग्राहक काय बघतो हे पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. मोजक्याच साइट फुकट देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना त्या नियमामुळे भारतातून बाद झाली. लोक जिंकले, कंपन्या हरल्या, असं सगळीकडे छापून आलं. त्यानंतर हा विषय वर्तमानपत्रांच्या पानांवरून गेला आणि लोकांच्या डोक्यातूनही.

माझ्या मते तो मिटलेला नाही. नियम जागच्या जागी आहे, पण ज्या बाजारासाठी तो केला तो बाजार पार बदलला आहे. उद्या कोणी उठून हा नियम रद्द करील, अशी भीती मला वाटत नाही. तो तसाच राहील आणि आतून पोकळ होत जाईल. आपल्याला ते कळेल ते ओटीटीच्या, मुलांच्या ऑनलाइन शिकवणीच्या, ई-पेपरच्या वर्गणीच्या वाढत्या आकड्यांतून. गोव्यात त्याची पहिली झळ बसेल ती मराठी-कोकणीत स्वतःचं काही उभं करू पाहणाऱ्यांना, आणि सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा या तालुक्यांतल्या ग्राहकाला.

तत्त्व साधं आहे. महिन्याचे पैसे भरून मी इंटरनेट घेतलं की त्यावरून मी काय बघावं, कोणाशी बोलावं, कशाची वर्गणी भरावी, यात पुरवठादाराने पडायचं नाही. एखादी साइट अडवायची नाही, मुद्दाम हळू करायची नाही, पैसे घेऊन एखादीला पुढे काढायचं नाही. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मध्ये या विचाराला नाव दिलं. पुढचा सगळा झगडा त्याच्या अंमलबजावणीचा आहे.

आपल्याकडे ठिणगी पडली डिसेंबर २०१४ मध्ये. स्काइप, व्हायबरसारख्या ॲपवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याचं एअरटेलने जाहीर केलं आणि लोकांचा संताप बघून काही दिवसांतच मागे घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायचा चर्चापत्र आला, त्यावर दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. त्याच एप्रिलमध्ये, ॲपवाल्या कंपनीने पैसे भरले की ग्राहकाला ते ॲप फुकट वापरता येईल अशा ‘एअरटेल झिरो’ योजनेतून फ्लिपकार्टने अंग काढून घेतलं. मग फ्री बेसिक्स आलं. फेसबुकने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, आपल्या वापरकर्त्यांकडून ट्रायला तयार मजकुराचे मेल पाठवून घेतले.

त्या वेळी फ्री बेसिक्सच्या बाजूने एक युक्तिवाद होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मोजक्या साइट फुकट मिळत असतील, तर तुम्ही भरल्या पोटी का अडवता? मला तेव्हाही हा प्रश्न टोचला होता. त्याचं उत्तर सात महिन्यांत मिळालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, स्पर्धा लागली आणि डेटाचे दर कोसळले. महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरणारी माणसं दिवसाला एक जीबी वापरू लागली. गरिबाच्या हातात अख्खं इंटरनेट आलं, आणि ते कोणी निवडून दिलेल्या साइटींच्या कुंपणाशिवाय आलं. स्वस्ताई आणि भेदभाव यांची गाठ बांधायची गरज नसते, हे आपल्याच देशाने दाखवून दिलं आहे. हा दाखला आपण पुरेसा वापरत नाही.

आता अमेरिकेकडे बघू, कारण तिथे हा नियम तीनदा उलटापालटा झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये एफसीसी या त्यांच्या नियामकाने कडक नियम केले. १४ डिसेंबर २०१७ रोजी अजित पै अध्यक्ष असताना ३ विरुद्ध २ मतांनी ते रद्द केले. एप्रिल २०२४ मध्ये ते पुन्हा आणले, आणि २ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या अपील न्यायालयाने ते पुन्हा उडवून लावले. सरकार बदललं की ग्राहकाचा हक्क बदलतो, अशी ती गत.

२०१७ मध्ये रद्द झालं त्यानंतर आभाळ कोसळलं नाही, हे मान्य करायला हवं. कोणतीही साइट रातोरात बंद पडली नाही. भेदभावाच्या बाजूने बोलणारे हे आवर्जून सांगतात, आणि ते खरंच आहे. पण जे झालं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. व्हेरायझन कंपनीने तर नियम रद्द व्हायच्या आधीच, ऑगस्ट २०१७ मध्ये, आपल्या अनलिमिटेड प्लॅनमध्ये व्हिडिओचा दर्जा ठरवून टाकला. स्वस्त प्लॅनला ४८०पी, महागाला ७२०पी, आणि पूर्ण दर्जा पाहिजे असेल तर महिन्याला आणखी १० डॉलर. समजा, त्या ग्राहकाने नेटफ्लिक्सला एचडीचे पैसे आधीच दिले आहेत. नेटफ्लिक्स एचडी पाठवायला तयार आहे. ग्राहकाचा फोन ते दाखवायला तयार आहे. मध्ये बसलेला पुरवठादार म्हणतो, चित्र बारीक करूनच पुढे जाऊ देईन, नाहीतर मलाही द्या. एका वर्गणीवर दुसरी वर्गणी. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘वीही’ नावाचं ॲप करून लोकांच्या फोनवरून मोजमाप केलं, तेव्हा अमेरिकी मोबाइल कंपन्या व्हिडिओचा वेग सर्रास बांधून ठेवत असल्याचं दिसलं. गर्दी असो वा नसो, दिवस असो वा रात्र.

एक उलट उदाहरणही आहे. एटी अँड टी कंपनीच्या मालकीची एक टीव्ही सेवा त्यांच्याच मोबाइल ग्राहकांनी बघितली तर डेटा कापला जात नसे. प्रतिस्पर्ध्याची बघितली तर कापला जाई. कॅलिफोर्निया राज्याने २०१८ मध्ये स्वतःचा कायदा केला, कोर्टकचेऱ्या होऊन २०२१ मध्ये तो लागू झाला, आणि त्याच वर्षी एटी अँड टीने असा प्रायोजित डेटा देणं थांबवलं. कायदा असला की फरक पडतो.

दक्षिण कोरियात गोष्ट आणखी पुढे गेली. तिथे २०१६ पासून नियमच असे आहेत की इंटरनेट कंपन्यांमध्ये जिच्या जाळ्यातून जास्त डेटा निघतो तिने दुसरीला पैसे मोजावेत, आणि तो भार पुढे सेवांवर येतो. एसके ब्रॉडबँड आणि नेटफ्लिक्स यांची कोर्टातली लढाई तीन वर्षांहून जास्त चालली, सप्टेंबर २०२३ मध्ये आपसात मिटली. नेटफ्लिक्स मोठं आहे, त्याला परवडलं. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटला परवडलं नाही. २०२२ मध्ये त्यांनी कोरियात चित्राचा दर्जा ७२०पीवर आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुकान बंद करून निघून गेले. इतर बहुतेक देशांपेक्षा इथे दहापट खर्च येतो, असं त्यांच्या प्रमुखांनी जाहीर सांगितलं. जगातल्या उत्तम इंटरनेटमध्ये गणल्या जाणाऱ्या देशातून एक सेवा या कारणाने उठून गेली. तिच्यावर पोट असलेले हजारो स्थानिक लोक, त्यांना महिन्याची वर्गणी देऊन बघणारे प्रेक्षक, सगळे वाऱ्यावर.

हे मी इतकं सविस्तर लिहितोय कारण आपल्याकडच्या टेलिकॉम कंपन्यांची संघटना, सीओएआय, गेली काही वर्षं नेमकी हीच मागणी लावून धरते आहे. ‘न्याय्य वाटा’ असं तिला गोंडस नाव आहे. यूट्यूब, नेटफ्लिक्स, व्हॉट्सॲपसारखे मोजके बडे लोक आमच्या जाळ्यावरचा बहुतेक डेटा खातात, आम्ही स्पेक्ट्रमला आणि टॉवरला पैसे ओततो, मग त्यांनी त्यात वाटा उचलावा, असं त्यांचं म्हणणं. कंपन्यांचा खर्च खोटा नाही. २०२२ च्या ५जी लिलावात मिळून दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या, त्यात एकट्या जिओच्या ८८ हजार कोटींच्या. पण डेटा कोणी कोणावर ढकलत नाही. मी नाटक बघायचं ठरवतो, बटण दाबतो, म्हणून तो येतो. त्या डेटाचे पैसे मी रिचार्ज मारताना दिलेले असतात. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले, तेही आपण भरतोच आहोत. शिवाय बड्या कंपन्या समुद्राखालच्या केबल टाकतात, पुरवठादाराच्या दारापर्यंत स्वतःचे सर्व्हर आणून ठेवतात. त्यांचा भार त्यांनी आधीच उचललेला आहे. मग तिसऱ्यांदा वाटा मागायचा तो कशाचा?

माझ्यापर्यंत पोचायला माझ्या पुरवठादाराखेरीज दुसरा रस्ताच नाही, त्याचा हा वाटा. मी एका कंपनीचं सिम घेतलं की जगातल्या प्रत्येक सेवेला माझ्याकडे यायचं तर त्या एकाच दारातून यावं लागतं. त्या दाराचं भाडं एकदा सुरू झालं की ते शेवटी कोण भरणार, याचं उत्तर आपल्या हातातल्या फोनवरच आहे. ॲपल आपल्या स्टोअरमधून होणाऱ्या वर्गणीवर पहिल्या वर्षी नेहमीच्या दराने ३० टक्के घेतं. म्हणून यूट्यूब प्रीमियम आयफोनच्या ॲपमधून घेतलं तर महाग पडतं आणि ब्राउझरमधून घेतलं तर स्वस्त. सेवा एकच, फरक दारातल्या वसुलीचा. ती वसुली सेवेने आपल्या खिशातून दिली नाही, ग्राहकाच्या बिलात घातली. उद्या टेलिकॉमची वसुली सुरू झाली तर तीही तिथेच येईल, फक्त तिच्यातून सुटायला ब्राउझरची पळवाट नसेल.

आता आपल्या दारात बघा. फोंड्याला तिस्कावरच्या एका रिचार्जच्या दुकानात मी मध्यंतरी उभा होतो. माझ्या पुढे एक मावशी, हातात बटव्यातली घडी घातलेली नोट. मुलगा पुण्याला शिकतो, त्याच्याशी व्हिडिओवर बोलायचं आणि रात्री मालिका बघायची, एवढीच त्यांची मागणी. दुकानातला पोरगा म्हणाला, “मावशे, हो मारतां, हातूंत ओटीटी फुकट आसा.” त्यांनी विचारलं, कुठली? त्याने नाव सांगितलं. “माझी मालिका त्यात लागत नाही रे,” मावशी म्हणाल्या. “पण इतलो डेटा ह्याच प्लॅनांत मेळटा,” तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. ओटीटीशिवायचा तेवढ्याच डेटाचा, तेवढ्याच दिवसांचा प्लॅन त्या तक्त्यावर नव्हता.

कायद्याने यात काही चुकीचं नाही. २०१६ चा नियम डेटाच्या दरातला भेदभाव अडवतो. रिचार्जसोबत एखादी वर्गणी बांधून देणं तो अडवत नाही. त्या दुकानदाराचंही काही चुकलं नाही. पण मावशींनी कधीही न बघायच्या सेवेचे पैसे भरले, आणि त्यांना हव्या असलेल्या सेवेसाठी वेगळी वर्गणी भरायची की नाही, हा प्रश्न त्यांच्यासमोर राहिला. बहुतेक माणसं अशा वेळी दुसरी वर्गणी भरत नाहीत. जे मिळालं तेच बघू लागतात. देशातल्या एका मोठ्या उद्योगसमूहाकडे मोबाइलचं जाळंही आहे आणि नोव्हेंबर २०२४ च्या विलीनीकरणानंतर सगळ्यात मोठ्या ओटीटीतला मोठा हिस्साही आहे. क्रिकेट, मालिका, बातम्या, आणि ते सगळं वाहून आणणारा डेटा एकाच घरचा. अशा बाजारात दरातला भेदभाव न करताही ग्राहकाची निवड आधीच करून ठेवता येते. २०१६ साली नियम लिहिणाऱ्यांपुढे हे चित्र एवढं स्पष्ट नव्हतं.

आणि जर दराचा भेदभावही मोकळा झाला, तर? थोडा हिशेब मांडू. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की साध्या दर्जाच्या व्हिडिओला तासाला सुमारे १ जीबी लागतो, एचडीला ३ जीबीपर्यंत. आपल्याकडे दिवसाला दीड जीबीचे प्लॅन सर्रास चालतात. म्हणजे दीड जीबीत अर्धा तास एचडी, किंवा साध्या दर्जाचं दीड तास. अडीच-तीन तासांचं तीन अंकी नाटक त्यात बसत नाही. आता कल्पना करा की कंपनीच्या स्वतःच्या ओटीटीवरची मालिका या दीड जीबीतून कापली जात नाही. गावच्या मंडळाच्या नाटकाचं थेट प्रक्षेपण मात्र कापलं जातं, आणि दुसऱ्या अंकात डेटा संपल्याचा मेसेज येतो. प्रेक्षकाला कोणी अडवलं नाही. त्याने स्वतःच बंद केलं.

हे उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. जत्रेला, कालोत्सवाला देवळाच्या मांडवात हौशी नाटक बसवणं ही आपल्या गावागावांची जुनी रीत आहे. आता सभामंडपाच्या खांबाला मोबाइल बांधलेला असतो, पॉवर बँक चिकटपट्टीने लावलेली असते, आणि वाड्यावरचा एक मुलगा रात्रभर त्याच्याजवळ बसून लाइव्ह सांभाळतो. मुंबई, पुणे, दुबईला गेलेली माणसं ते बघतात, खाली “भावोजी, लय भारी” लिहितात. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाचं गाणं श्रावणात घरबसल्या ऐकणारे आहेत. काही मंडळं आता विचार करतात की जुन्या प्रयोगांची चित्रणं नीट करून वर्षाला थोडी वर्गणी ठेवावी, त्यातून पुढच्या वर्षीच्या पडद्याचा, रंगभूषेचा खर्च निघेल. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. सरकारी अनुदानाच्या रांगेत उभं न राहता कलेने आपल्या प्रेक्षकाकडून सरळ पैसे मिळवावेत, याची सोय इंटरनेटने पहिल्यांदाच केली आहे.

समजा, अशा एखाद्या सेवेला दोन हजार सभासद मिळाले आणि वर्षाचे ५०० रुपये ठेवले. झाले १० लाख. त्यातून सर्व्हर, चित्रण, संकलन, कलाकारांचं मानधन. उद्या प्रत्येक टेलिकॉम कंपनीने ‘वेगाची हमी’ म्हणून वर्षाला एक-दोन लाख मागितले, तर काय उरतं? आणि नाही दिले तर काय होईल? प्रक्षेपण अडखळणार, प्रेक्षक म्हणणार यांचं ॲप भंगार आहे. दोष मंडळाच्या माथी येईल. बड्या ओटीटीच्या हिशेबात हे पैसे दिसणारसुद्धा नाहीत. वाटा बड्यांकडूनच मागू असं कंपन्या आज म्हणतात, पण दारात वसुलीचा माणूस बसला की त्याची रेषा कुठवर सरकते, ते आपण केबलमध्ये पाहिलेलं आहे.

केबलची गोष्ट गोव्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तिथे वाहिनीने केबलवाल्याला वहनशुल्क द्यायचं, वरचा क्रमांक पाहिजे असेल तर आणखी द्यायचे, ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. मोठ्या वाहिन्या देऊ शकल्या. छोट्या प्रादेशिक वाहिन्यांना जागा आणि चांगलं चित्र मिळवण्यासाठी झगडावं लागलं. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायने नवी दररचना आणली. १३० रुपये आणि कर, त्यात शंभर वाहिन्या, पुढे जी बघाल तिचेच पैसे. कागदावर उत्तम. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांनी शेवटी केबलवाल्याने लावून दिलेलाच पॅक घेतला, कारण एकेक वाहिनी निवडून जोडत बसणं कोणाला जमलं नाही, आणि निवडली तर बेरीज पॅकच्या वर जाई. एकदा मध्यस्थाने गुच्छ बांधायची सवय लावली की नंतरचा नियम ती मोडू शकत नाही. आपल्याकडचं इंटरनेट या रोगापासून वाचलं, कारण तिथे सुरुवातीपासून कोणाला वहनशुल्क द्यावं लागलं नाही. पणजीतला एखादा तरुण खोलीत बसून बातम्यांचं चॅनल काढतो आणि ते राष्ट्रीय वाहिनीच्या शेजारी, त्याच वेगाने उघडतं. गोव्यात अशी कितीतरी चॅनल आज चालतात. त्यांतल्या सगळ्यांचा दर्जा मला पसंत नाही. पण ती उघडतात, हे महत्त्वाचं.

सरकारी सेवांचंही तेच. प्रसार भारतीने आपलं ‘वेव्हज’ ओटीटी २० नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्याच गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू केलं. दूरदर्शनचा जुना ठेवा त्यावर आहे. त्याला खासगी कंपनीच्या पॅकमध्ये जागा नसेल आणि वेगाचे पैसे भरायला तरतूद नसेल, तर लोकांच्या पैशांतून उभी राहिलेली सेवा लोकांच्याच फोनवर मागे पडेल.

“नाही पटलं तर दुसरी कंपनी घ्या,” हे उत्तर मला नेहमी मिळतं. पणजी, मडगाव, म्हापशात बसून ते बोलता येतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सांगे आणि सत्तरीतली मुलं वर्गासाठी डोंगर चढून रेंज शोधत होती, ते सगळ्या राज्याने पाहिलं. त्यानंतर राज्य सरकारने दूरसंचार पायाभूत सुविधांचं धोरण आणलं, टॉवर वाढले, काही ठिकाणी गावांनी टॉवरला विरोधही केला. तरी आजही कितीतरी वाड्यांवर एकाच कंपनीची रेंज धड लागते, दुसरी उंबऱ्याबाहेर येऊन शोधावी लागते. तिथे ग्राहकाला बदलायला दुसरी कंपनीच नाही. त्यात भर म्हणजे टेलिकॉमच्या नकाशात गोवा स्वतंत्र परिमंडळ नाही, महाराष्ट्राच्या परिमंडळात मोडतो. सत्तरीच्या वेगाची सरासरी पुण्या-नाशिकसोबत निघते, आणि त्या सरासरीत आपलं दुखणं विरघळून जातं. वेगात भेदभाव झाला तरी तो आकड्यांत दिसणार नाही.

५जीने आणखी एक दार उघडलं आहे. एकाच जाळ्याचे वेगवेगळे कप्पे करून एखादा कप्पा विशिष्ट ग्राहकासाठी राखून ठेवणं आता तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. इस्पितळातल्या दूरस्थ उपचारासाठी, बंदरातल्या यंत्रांसाठी असा कप्पा ठेवायला माझी हरकत नाही. आपल्या नियमांतही अशा खास सेवांना सवलत आहे. पण त्याच सवलतीतून “जास्त पैसे देणाऱ्यांचा वेगवान रस्ता” आत शिरू शकतो. २०२० मध्ये जादा भाडं भरणाऱ्या ग्राहकांना प्राधान्याचा वेग देऊ करणारे प्लॅन ट्रायने रोखायला सांगितले होते, आणि विचारलं होतं की मग बाकीच्यांच्या वेगाचं काय होणार? तो प्रश्न कळंगुटच्या माणसाने तर फ्रेम करून लावावा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किनारपट्टीवर नेटवर्क कसं रडतं, ते तिथले शॅकवाले, टॅक्सीवाले, भाजीवाले जाणतात. क्यूआर कोड स्कॅन होतो आणि पैसे गेले का नाही, ते कळायला दोघंही फोनकडे बघत उभे राहतात. टॉवरच्या लहरी मोजक्याच असतात. त्यातला राखीव कप्पा महागडा प्लॅन घेऊन आलेल्या पाहुण्याला दिला, तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून जाणार, आणि तो दुसरा इथे बाराही महिने राहणारा असेल.

म्हणून माझी बाजू स्पष्ट आहे. २०१६ चा नियम हलू देऊ नये, आणि त्याला आजच्या बाजाराइतकं मोठं करावं. त्यातला दंड दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख. ८८ हजार कोटींची बोली लावणाऱ्याला ५० लाखांचा धाक तो काय वाटणार? तो उलाढालीच्या टक्केवारीत मोजला पाहिजे. ओटीटी बांधलेल्या प्रत्येक प्लॅनसोबत तेवढ्याच डेटाचा, ओटीटीविना, स्वस्त प्लॅन त्याच तक्त्यावर दाखवणं सक्तीचं हवं, म्हणजे तिस्कावरच्या मावशींना दोन आकडे शेजारी शेजारी दिसतील. ‘न्याय्य वाट्या’ची मागणी सरळ फेटाळावी, जाळ्याचा खर्च भागत नसेल तर सरकारने स्पेक्ट्रमची किंमत आणि परवाना शुल्क बघावं, तो मार्ग प्रामाणिक आहे. आणि वेगाच्या मोजणीसाठी गोव्याचे तालुकावार आकडे वेगळे प्रसिद्ध झाले पाहिजेत.

दूरसंचार हा केंद्राच्या यादीतला विषय आहे, राज्य काय करणार, असं म्हणून आपले आमदार यातून सुटतात. कायदा करता येणार नाही, हे खरं. पण राज्य सरकार स्वतः इंटरनेटचं मोठं गिऱ्हाईक आहे. गोवा ब्रॉडबँड नेटवर्क, सरकारी कार्यालयं, शाळा, आरोग्य केंद्रं, पंचायती यांच्यासाठी ते जोडण्या विकत घेतं. रस्ते खणायची परवानगीही तेच देतं. अमेरिकेत मोंटाना नावाचं राज्य आहे, लोकवस्ती साधारण अकरा लाख, म्हणजे आपल्याहूनही कमी. केंद्राने नियम रद्द केल्यावर जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी आदेश काढला: सरकारी कंत्राट पाहिजे असेल, तर तुमच्या ग्राहकांशी भेदभाव करणार नाही असं मान्य करा. कायदा नाही, कोर्ट नाही. गिऱ्हाइकाने घातलेली अट. आपल्या माहिती तंत्रज्ञान खात्याला पुढच्या निविदेत अशीच अट घालता येईल: पुरवठादार गोव्यात कोणत्याही कायदेशीर सेवेला अडवणार नाही, मुद्दाम हळू करणार नाही, पैसे घेऊन पुढे काढणार नाही, आणि तालुकावार वेग दर तीन महिन्यांनी जाहीर करील. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात चाळीसपैकी एका आमदाराने हा प्रश्न लेखी विचारावा, एवढी माझी मागणी आहे. माझ्या मतदारसंघाच्या आमदारांना मी ती लिहून देणार आहे. ज्यांना पटेल त्यांनी आपापल्या आमदारांना द्यावी.